चुलीवरून काढू नये

मी बिल्ला बोलतोय. छातीवर मिरवायचा नव्हे, तेवढं माझं नशीब नाही. मी चुलीच्या अंगाला तारेनं बांधायचा बिल्ला. सदऱ्याच्या मोठ्या गुंडीएवढा, चकचकीत, नाण्याचा गरीब चुलतभाऊ शोभावा असा. माझ्या पोटात एक चिमुकला सेल आहे आणि डोक्यात एकच अक्कल: आसपास ऊन आहे की गार. ठरल्या वेळी मी तेवढं टिपून ठेवतो. का ऊन, कुणामुळे ऊन, हे विचारायची सोय माझ्यात नाही. घडवणाऱ्यांनी तो भाग खर्चात बसत नाही म्हणून गाळला असावा. एवढ्या बेताच्या अकलेवर मी नोकरीत टिकलो आणि माझा शब्द अखेरचा मानला गेला. माणसांतही असं होतं म्हणतात.

कान मला कुणी दिले नव्हते. पण चुलीपाशी बसून राहिलं की दगडालाही ऐकू येऊ लागतं. सबंध घर तिथंच बोलतं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. शेकडो भावंडांबरोबर खोक्यात बसून लांबचा प्रवास केला. जिथं उतरलो ती मोठ्या रस्त्याच्या कडेची वस्ती होती. पत्र्याची घरं, एक वरची गल्ली, एक खालची गल्ली, मधे उघडं गटार. गटारावर एक फळी टाकलेली. दोन्ही गल्ल्यांत नातीगोती अशी गुंतलेली, की एका घरात शिंक आली तर पलीकडच्या चार घरांत काळजी.

तिथं मोठे साहेब आले. पत्र्याच्या शेडखाली माणसं जमवून त्यांनी धूर न करणारी चूल दाखवली. बादलीएवढी, आतून भट्टीची माती, हवेला खाली भोकं. चार काटक्या घातल्या तरी निळी ज्योत देणारी. बाजारात ती मिळत नव्हती, या कामासाठीच मुद्दाम बनवून घेतलेली.

साहेब म्हणाले, "धुरानं मुलांच्या छात्या बिघडतात, म्हाताऱ्या माणसांना खोकला लागतो. या चुलीनं तो कमी होतो का, ते आपल्याला मोजायचंय. म्हणून अर्ध्या वस्तीला चुली आत्ता देऊ. उरलेल्या अर्ध्या वस्तीला दोन वर्षांनी देऊ, उपयोग दिसला तर."

यातलं 'उपयोग दिसला तर' त्यांनी जरा हळू आवाजात म्हटलं. सगळ्या सरकारी-निमसरकारी वाक्यांत महत्त्वाचा भाग याच आवाजात असतो.

चिठ्ठी टाकली. वरची गल्ली निघाली. खालच्या गल्लीच्या वाट्याला वाट बघणं आलं.

वरच्या गल्लीत मी ज्या घरी गेलो, ते एका गवंड्याचं घर. गवंडी दिवसभर लोकांच्या भिंती सरळ करी आणि घरी येऊन स्वतः आडवा होई. त्याची आई, म्हणजे घरातली सासू, खोकत खोकत बोले आणि बोलत बोलत खोके. दोन्हीत खंड नसे. आणि सून. तिला सगळी धाकटी म्हणत, कारण तिची सख्खी थोरली बहीण खालच्या गल्लीत दिलेली होती. थोरलीचा नवरा मालट्रकवर, घरी आला तर आला. थोरलीला एक मुलगी. ती चालायला लागली तीच गोल गोल फिरत, म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी. पण चार गिरक्या झाल्या की ती भिंत धरून उभी राही, आणि तिच्या छातीतून शिट्टी वाजे.

ती शिट्टी मी फळीपलीकडून ऐकली आहे.

आमच्यावर देखरेख मोजणीवाल्या मॅडमची. खांद्यावर पिशवी, पायात झिजलेले बूट, नोकरी कराराची. त्यामुळे आपण कामावर अजून आहोत ना, याची त्यांना अधूनमधून खात्री करून घ्यावी लागे. स्वभावानं गोड. मुलांचा सदरा वर करून, घड्याळ धरून त्या श्वास मोजत. म्हाताऱ्यांना एका नळीत फुंकायला लावत. सासूनं पहिल्यांदा फुंकलं तेव्हा नळीचा काटा हललाच नाही.

"आजी, जोर लावा ना."

"जोर असता तर तुमची नळी कशाला फुंकली असती?" सासू म्हणाली.

मला चुलीला बांधताना मॅडमनी धाकटीला नीट समजावलं. "हा बिल्ला चुलीवरून काढायचा नाही हं. स्वयंपाक झाला की हा गरम होतो, म्हणजे आम्हाला कळतं." माझ्या तारेला एक कागदी चिठ्ठीही अडकवलेली होती: चुलीवरून काढू नये. धाकटीनं मान हलवली. तिनं ते मनापासून ऐकलं होतं. पुढचा सगळा घोटाळा त्या मनापासून ऐकण्यातूनच झाला.

पहिले काही आठवडे मी नव्या चुलीवर होतो. सासूनं सुरुवातीला नाक मुरडलं. "ही कसली चूल? धूर नाही की वास नाही. भात झाला की नाही ते कळावं कसं माणसाला?" पण महिनाभरात तिची उबळ कमी झाली, तशी तक्रार करायला दम जास्त पुरू लागला. भिंतीवर काजळी धरेना. धाकटी स्वयंपाक करता करता गुणगुणायला लागली. मी ऊन-गार टिपत होतो आणि जन्माचं सार्थक वगैरे झाल्यासारखं वाटत होतं.

थंडी पडली. थंडीत दारं लागतात, आणि खोलीतला धूर खोलीतच राहतो. एका सकाळी थोरली फळीवरून भिंगरीला खांद्यावर टाकून आली. मुलीचे ओठ काळसर, फासळ्या आत ओढल्या जात होत्या, आणि ती शिट्टी. ती आता नुसती दमल्यावरची नव्हती, निजल्यावरचीही होती.

"दवाखान्यात काय म्हणाले?" धाकटीनं विचारलं.

"वाफ दिली. म्हणाले, धुरापासून लांब ठेवा." थोरली हसली. "एका खोलीत चूल आणि पोरगी. लांब ठेवू म्हणजे छपरावर ठेवू?"

पहिले काही दिवस थोरली तिचं भांडं घेऊन आमच्याकडेच शिजवायला आली. पण चूल एका भांड्याची. एका घराचं होईपर्यंत दुसऱ्या घराचं पोट ओरडे. गवंडी उपाशी कामावर गेला त्या दिवशी धाकटी चुलीसमोर बराच वेळ बसून राहिली. मग म्हणाली, "आई, चूल अक्काकडे नेऊन ठेवू का?"

सासू खोकली. हा खोकला विचार करण्याचा होता. "आणि आपण?"

"जुनी आहे की. परसात."

"परसातली घरात आणलीस तर धूर होईल."

"होईल."

सासूनं नव्या चुलीकडे हनुवटीनं खूण केली. "ने. माझी छाती जुनी झाली, तिला सवय आहे. त्या पोरीची अजून नवी आहे. आणि नेतेस तर आत्ताच ने. माझं मन बदलायला वेळ लागत नाही."

गवंडी संध्याकाळी आला आणि डोळे चोळत म्हणाला, "आज पुन्हा धूर?"

"तुझ्या मेव्हणीच्या पोरीसाठी," आईनं सांगितलं. तो हातपाय धुवायला गेला. त्या घरातला ठराव तेवढ्यावर मंजूर झाला.

नेताना धाकटीची नजर माझ्यावर पडली. तिनं मला तारेसकट सोडवलं, हातात धरलं, चिठ्ठीवरची अक्षरं वाचली. मॅडमना काय कळायला हवं होतं? घरात स्वयंपाक झाला की नाही ते. स्वयंपाक आता कुठं होणार? जुन्या चुलीवर. मग तिनं जुन्या चुलीच्या कडेला मला घट्ट बांधलं. चिठ्ठी अडकवली. चुलीवरून काढू नये. यात खोटं कुठं होतं? मी जिथं तिथं ऊन, आणि चूल तर चूलच. तिनं नियम मोडला नव्हता, काटेकोर पाळला होता.

त्या दिवसापासून मी धुरात गेलो. माझा चकाकता चेहरा काळा पडला. सासूची उबळ परतली.

आणि फळीपलीकडची शिट्टी थांबली.

अशी बातमी लपत नाही. शिंप्याच्या बायकोची लेक खालच्या गल्लीत, तिच्या मांडीवर खोकणारं बाळ. चूल गेली. सुताराचा म्हातारा बाप धाकट्या मुलाकडे खाली राहायचा. चूल गेली. बघता बघता वरच्या गल्लीतल्या पुष्कळशा चुली फळी ओलांडून पलीकडे गेल्या, जिथं लहान पोर किंवा म्हातारं माणूस जास्त बेजार होतं तिथं. कुणी बैठक घेतली नाही, कुणी चिठ्ठी टाकली नाही. आणि प्रत्येक घरानं आपला बिल्ला मात्र इमानानं जुन्या चुलीवर बांधून ठेवला.

महिन्यातून एकदा मॅडम येत. येण्याआधी फोन करत, कारण न सांगता कुणाच्या घरी जाऊ नये असं त्यांना वाटे. त्यांच्या या चांगुलपणानं आमची फार सोय केली. आदल्या दिवशी फळीवरून चुलींची मिरवणूक निघे. चादरीत गुंडाळलेल्या, टोपलीत घातलेल्या, एखादी तर कडेवर घेतलेली.

"काय गं, बाळ फार वजनदार आहे तुझं," कुणीतरी ओट्यावरून ओरडे.

"आजीवर गेलंय," दुसरी म्हणे.

चुली आपापल्या कागदावरच्या घरी येत. मला तारेनं पुन्हा नव्या चुलीवर बांधत, चेहरा राखेनं घासून लख्ख करत. मॅडम येत, माझ्या अंगाला यंत्र लावत, पोटातले आकडे काढून घेत आणि खूश होत. "रोज पेटते तुमची चूल. शाबास." धाकटी खाली बघे. थोरलीच्या घरी त्या एका दिवसाचा धूर होई. संध्याकाळी चूल परत जाईपर्यंत भिंगरी भिंत धरून उभी राहायला लागलेली असे.

मोजणी खालच्या गल्लीतही चाले. एकदा मॅडम फळीवरून परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा फुललेला होता. "तुमची भाची काय छान झालीय! श्वास एकदम नीट. गिरक्या घेऊन दाखवल्या मला. कसं काय केलंत?"

"देवाची कृपा," सासू म्हणाली आणि खोकत सुटली.

मॅडमनी तिचा खोकला मांडून घेतला. चुलीच्या घरचा खोकला.

दोन वर्षं झाली. साहेबांनी शेडखाली सगळ्यांना बोलावलं. आम्हा बिल्ल्यांनाही घरोघरून आणून टेबलावर ओळीनं मांडलं होतं, लग्नातल्या पानसुपारीसारखं. साहेबांनी भिंतीवर दोन रेघा दाखवल्या.

"ही वरची गल्ली," ते म्हणाले. "इथं चुली दिल्या. आणि त्या रोज वापरल्या गेल्या, हे बिल्ल्यांनी सिद्ध केलंय." त्यांनी आमच्याकडे बोट केलं. आयुष्यात एवढा मान मला पुन्हा मिळाला नाही. "पण खोकल्यात फरक नाही. आणि ही खालची गल्ली. चूल नसताना मुलं सुधारलीत. म्हणजे सुधारणा चुलीनं होत नाही, दुसऱ्याच कशानं तरी होते. तुम्ही फार चांगलं सहकार्य केलंत. चुली आम्ही गोळा करू."

थोरली मागच्या बाजूला उभी होती, भिंगरीचा हात धरून. "साहेब, आमच्या गल्लीला मिळणार होत्या ना?"

"जिचा उपयोग नाही ती वस्तू तुमच्या गळ्यात कशाला मारायची?" साहेब समजुतीनं म्हणाले. "तुमच्या भल्यासाठीच सांगतोय."

बायका एकमेकींकडे बघत होत्या. मग धाकटी उठली. शिंप्याच्या बायकोनं तिचा हात धरून खाली ओढलं, तिनं तो सोडवला.

"साहेब, चूल चालते. खालची पोरं तिच्यानंच बरी झालीत. माझी चूल माझ्याकडे नाहीच, अक्काकडे आहे. पहिल्या थंडीपासून."

साहेबांना आधी कळलंच नाही. "आणि बिल्ला?"

"जुन्या चुलीवर."

"का?"

"मॅडम म्हणाल्या होत्या, स्वयंपाक झाला की ह्याला कळतं. स्वयंपाक जुन्या चुलीवर होत होता. मग तिथंच बांधला."

मॅडमनी डोळे मिटून घेतले. हळूहळू आणखी हात वर झाले. माझ्याकडचीही गेली. माझीही. साहेब खुर्चीत बसले. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"हे आधी सांगायचं होतंत, बाई."

"आधी सांगितलं असतं तर चूल परत आणायला लावली असती तुम्ही."

लावली असती, हे साहेबांनाही ठाऊक होतं. शेजारच्या माणसाशी ते जरा कुजबुजले. मग म्हणाले, "आता पुन्हा पहिल्यापासून मोजायला पैसा नाही, मुदतही नाही. आणि तुम्ही म्हणता ते धरलं, तरी अर्थ हाच निघतो, की ज्या घराला चूल द्यावी त्या घरात ती राहत नाही. अशी योजना पुढे नेता येत नाही. दोन्ही बाजूंनी उत्तर एकच येतं."

"एकच येणार होतं," सासू मोठ्यानं म्हणाली, "तर आमच्या छात्या कशाला मोजल्या हो एवढ्या?"

माणसं हसली. साहेबही हसले. त्या हसण्यावर सभा संपली.

चुली जमा होईपर्यंत बिल्ले चुलीवरच ठेवावेत असा नियम होता. का, ते विचारू नये. म्हणून मी परत जुन्या चुलीवर गेलो, आणि गवंड्याची धडपड बघायला मिळाली. एका सुटीच्या दिवशी त्यानं मेव्हणीकडची चूल आणली, उलटी केली, भोकं बोटानं मोजली, आणि विटा-मातीची तशीच एक बांधून काढली. दिसायला हुबेहूब. पेटवली तर धूर दुप्पट. त्यानं ती मोडली, पुन्हा बांधली. आतली भट्टीची माती त्याच्याकडे नव्हती, आणि आग त्याच्या ओळंब्याला जुमानत नव्हती. तिसऱ्यांदा मोडल्यावर तो म्हणाला, "भिंत असती तर बांधली असती," आणि बाहेर जाऊन बसला.

गोळा करायच्या दिवशी टेंपो आला. मॅडम खाली उतरल्या. किती चुली आल्या, तितक्या परत जायला हव्या होत्या.

"मॅडम," धाकटीनं त्यांना बाजूला घेतलं, "एक हरवली म्हणून लिहा ना. एकच."

"अगं, लिहिलं असतं. पण हरवली म्हटलं की उत्तर मलाच द्यावं लागतं. पुढच्या महिन्यात माझा करार संपतोय. या एका चुलीपायी तो पुन्हा..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. "मलाही घर आहे गं."

धाकटीनं हट्ट केला नाही. घर आहे म्हटल्यावर त्या वस्तीत कुणी हट्ट करत नसे.

थोरलीनं चूल स्वतः आणली. राखेनं घासून लखलखीत केली होती, मागून आणलेलं भांडं परत करताना घासून द्यावं तशी. तिच्या मागून भिंगरी.

"आपली चूल कुठं चालली?"

"दवाखान्यात," सासू म्हणाली.

"का? तिच्या पण छातीत शिट्टी वाजते?"

टेंपोवाल्यानं फळकूट लावलं. धाकटीनं मला जुन्या चुलीवरून सोडवलं आणि मॅडमच्या हातावर ठेवलं. मी अजून ऊन होतो, सकाळच्या भाताचा. मॅडमना चटका बसला तरी त्यांनी हात मागे घेतला नाही.

आता मी कचेरीतल्या टेबलाच्या खालच्या खणात असतो, टाचण्या आणि वाळलेल्या शाईच्या पेनांच्या शेजारी. माझ्या पोटातले आकडे पुसून टाकलेत. त्यांचं काम झालं म्हणतात. अहवाल छापून आला, त्यावर निळी ज्योत असलेली चूल आहे. पुढं कुठंतरी, कशावर तरी मला बांधणार आहेत. सेल संपत आलाय, पण अजून टिपतो. खणात सगळा काळ एकसारखा गार. वर्षभरात एकदाच ऊन झालं, तेवढं सांगतो आणि थांबतो.

थंडीचे दिवस होते. मॅडमचा करार पुढे सरकला नव्हता, त्या सामान आवरायला आल्या होत्या. खण उघडून त्यांनी आपली कात्री घेतली, मग मला उचललं, उलटंसुलटं करून पाहिलं. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पलीकडे धाकटी होती.

"हां, बोल गं. आवाज का असा येतोय? ...भिंगरी?"

मग बराच वेळ पलीकडचंच बोलणं. मॅडमनी एवढंच विचारलं, "कधी गेली?" थोड्या वेळानं, "अक्का कुठंय?" आणि फोन ठेवला. मी त्यांच्या मुठीत होतो. मूठ आवळलेली होती, आणि तिची ऊब माझ्यात भरत गेली.

मी ती टिपली. मला दुसरं येतं काय? उद्या कुणी माझे आकडे काढील, त्या दिवशी थोडा वेळ ऊन दिसेल, आणि तो शहाणा माणूस मान हलवून म्हणेल, चूल पेटली होती.

नव्हती हो. कुठलीच चूल नव्हती तिथं. तेव्हा एवढीच विनंती, की घरात जा, घटकाभर बसा, तिथल्या बाईला विचारा. मला विचारू नका.